पोटखराब

कंपनी म्हणते, एका चार्जात पाचशे त्रेचाळीस.
माहितीपुस्तकात ठळक छापलंय,
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: चाचणीच्या परिस्थितीत.
मी चष्मा पुसून तीच ओळ आधी वाचली.
चौतीस वर्षं भूमी अभिलेखात गेली माझी,
तळटीप आधी वाचायची खोड आहे.

केतकीनं लातूर सोडलं तेव्हा शंभर टक्के होते.
मे महिना. नऊलाच डांबर मऊ.
एसी बावीसवर, डिकीत केशरच्या तीन पेट्या
संभाजीनगरला तिच्या सासरी द्यायच्या.
मी मांडीवर जुनी मोजणीवही उघडली:
डावीकडे किलोमीटर, उजवीकडे टक्के.
"अण्णा, स्क्रीनवर दिसतं ना सगळं."
दिसतं. सातबाऱ्यावरही दिसतं.

अंबाजोगाई: पंचावन्न झाले, सतरा टक्के गेले.
केज: नव्वद, अठ्ठावीस.
हिशेब तोंडीच केला,
तीनशे वीसच्या पुढे सरकेना.
मग बाकीचे दोनशे तेवीस कुठे आहेत?

आमच्या खात्यात त्याला शब्द आहे.
क्षेत्र पूर्ण लिहायचं, आणि त्याखाली वेगळं:
पोटखराब.
ओढ्याचा वळसा, खडकाचं टेकाड,
विहिरीचा गाळ टाकलेली जागा.
नावावर असते, पेरता येत नाही.
शंभराचा वेग, समोरचं वारं,
मागच्या सीटपर्यंत पोचणारा गारवा,
कडब्याच्या ट्रॅक्टरला केतकीनं घाईत मारलेली बगल,
हे सगळं त्याच रकान्यातलं.
कंपनी तेवढा रकाना छापायचा विसरली.

मुजीबभाई असते तर हसले असते.
बावीस वर्षं साखळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात.
"साब, कागज को धूप नहीं लगती," म्हणायचे,
आणि तापलेली साखळी दाखवायचे:
लोखंड फुगतं, साखळी लांबते,
साखळी लांबली की जमीन कमी भरते.
म्हणून आम्ही सकाळी सातला मोजायला उभे राहायचो.
ही गाडी कुणी, कुठल्या गार खोलीत मोजली असेल?

मांजरसुंब्याला चार्जरवर पोतं बांधलेलं.
हॉटेलवाला म्हणाला, "काल आला असता तर चालू होता."

घाट उतरताना मात्र नवल झालं.
साठाचे एकसष्ट.
वहीत खाडाखोड करावी लागली.
चौतीस वर्षांत उताऱ्यानं कुणाला
गुंठाभर परत दिलेला मी पाहिला नाही.
उतारानं दिला.

तिथंच आठवली चाकूरकडची कासाबाई.
भावानं मोजणी मागितली, आणि तिच्या वाट्याला
कागदापेक्षा अकरा गुंठे कमी भरले.
मी नकाशा दाखवला, खुणांचे दगड दाखवले,
पोटखराब म्हणजे काय, समजावून सांगितलं.
तिनं बांधावर बसून सगळं ऐकून घेतलं.
"मोजायच्या आदी पुरत व्हतं, सायेब,"
एवढं बोलली, आणि चहा ठेवायला गेली.
तो चहा मी प्यालो होतो.

गेवराईच्या पुढे केतकीनं काही न बोलता
एसी बंद केला, काचा खाली घेतल्या,
काटा सत्तरावर आणला.
मागून आंब्यांचा वास पुढे आला.
दोघं घामेजलेले,
आणि ट्रकवाले हॉर्न देत पुढे निघून जात होते.

पोचलो तेव्हा एकोणीस शिल्लक.
जावई पेट्या उतरवता उतरवता म्हणाले,
"मग अण्णा, खरं किती देते?"
आकडा वहीत होता, पेन्सिलीनं, दोनदा अधोरेखित.
"पुरली," मी म्हणालो.

परवा परत जायचं, तेव्हा तोच घाट चढायचा आहे.
ते पान अजून कोरं ठेवलंय.