ऐंशी वॅटचा फरक

लॅमिंग्टन रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
वीरजीभाईंच्या टेबलावर उघडंच पडलेलं यंत्र.
ना पत्रा, ना झाकण,
नुसती पाटी, वायरी आणि कार्डाचे दोन पंखे,
जे भिंतीवरच्या कॅलेंडरचा जानेवारी
सारखा उचलून खाली फेब्रुवारी बघतात.

एक कार्ड हिरव्या खोक्यातलं, एक लाल.
दोन्ही मधल्या भावाची.
वरची लाखाची, ती कुलपात.
खालची "ऑफिसला चालेल" एवढ्यावर संपतात.
भांडण काय ते मधल्यांचं.
खात्यातसुद्धा असंच असायचं,
साहेब गप्प, हमाल गप्प,
आणि आम्ही क्लार्क पन्नास रुपयांच्या वाढीवरून
एकमेकांचे डबे न उघडणारे.

मी तेहतीस वर्षं मीटर वाचले.
माझगाव, डोंगरी, भायखळ्याचे जिने,
बॅटरीच्या उजेडात आकडे.
त्यामुळे ओजस फ्रेम मोजतो तेव्हा
मी वॅट मोजतो.

लाल साडेचार हजारांनी स्वस्त,
पण ऐंशी वॅट जास्त खातं.
रोजचे दहा तास, म्हणजे शून्य पूर्णांक आठ युनिट.
नऊच्या दराने सात रुपये वीस पैसे.
महिन्याचे सव्वीस दिवस
(रविवारी काम करत नाही, असं तो म्हणतो)
एकशे सत्त्याऐंशी.
दोन वर्षांत वाचलेले पैसे
मीटरच्या वाटेने परत.
पावतीच्या पाठीवर मांडून दाखवलं.
वीरजीभाई म्हणाले, काका, उद्यापासून इथेच बसा.

मग ओजसने पेनड्राइव्हमधून एक दिवाणखाना काढला.
कुणा बिल्डरसाठी केलेला.
हिरव्यावर अकरा मिनिटं, लालवर तेरा.
संगमरवरावर खिडकीचं ऊन हळूहळू दाणेदार उतरलं,
मग दाणे विरले, नुसतं ऊन राहिलं.
मी म्हटलं, छान आहे.
पण भिंतीला एकही स्विचबोर्ड नाही.
"क्लायंटला आवडत नाहीत, बाबा."
मग दिवा लावतात कुठून?
तो हसला. हिरवं घेऊया म्हणाला नाही.

त्याने दुसरी फाइल लावली.
आख्खी इमारत, बेचाळीस मजले,
गच्चीवर पोहण्याचा तलाव, खाली झाडं,
झाडांना पान न् पान.
हिरवं नऊ टक्क्यांवर थांबलं.
पंखे फिरत राहिले, पडद्यावर दोन ओळी,
ज्या त्याने वाचल्यासुद्धा नाहीत.
"आठमध्ये मावत नाही. लालला बारा आहे."

मावत नाही.
आम्ही चौघं एकशे ऐंशी चौरस फुटांत मावलो,
त्याचं दहावीचं टेबल फ्रिजवर मावलं,
हे तोंडापर्यंत आलं होतं.
वीरजीभाईंनी अर्धं शटर खाली ओढलं,
लाल चालत राहिलं,
अडतीस मिनिटांनी तलावात पाणी भरलं.
मी पावती घडी करून खिशात टाकली.
बिल पक्कं घेतलं, वॉरंटीवर शिक्का बघून घेतला,
खोकं मांडीवर धरून टॅक्सीने आलो.
त्या भाड्याचा हिशेब केला नाही.

रात्री त्याने काम लावलं.
यंत्राच्या मागून ऊब येते हे हिने ओळखलं
आणि आंबोळीच्या पिठाचं पातेलं
तिथे सरकवलं, न विचारता.
थंडीत चढत नव्हतं चार दिवस.

मी पॅसेजमध्ये गेलो.
आमच्या मीटरचा लाल ठिपका
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
संध्याकाळी, पंखा आणि फ्रिज धरून,
मिनिटाला सहा होते.
आता घड्याळ धरून मोजले. एकवीस.
खात्री म्हणून परत मोजले.
एकवीस.

समोरच्या फुर्टाडोबाईंनी दार किलकिलं केलं.
"लाइट गेली काय हो, मोरजकर?"
नाही म्हटलं.
आहे.
बघत होतो.