एका ओळीची चिठ्ठी

फार्माकॉलॉजीत मला वीसपैकी एकोणीस होते.
"साध्या जुलाबात अँटिबायोटिक द्यावे काय? कारणे द्या."
मी कारणे दिली होती, खाली दोनदा रेघ ओढून.
बेहेरे मॅडम म्हणायच्या,
औषध लिहिण्याआधी पेन टेबलावर ठेवून बघा,
हात गप्प बसतो का.

आता हे दिघ्याचं आरोग्य केंद्र.
इलठणपाड्याकडून आलेली रांग पत्र्याच्या सावलीपर्यंत.
साईराज राठोड, वय दीड वर्ष, सकाळपासून सहा वेळा.
जीभ ओली. चिमटीत धरलेली पोटाची कातडी
सोडताच जागेवर.
रक्त नाही, ताप नाही,
आईच्या मांडीवरून माझा स्टेथोस्कोप चावायला बघतोय.
ओआरएसच्या दोन पुड्या मी हातात देते. झिंक केंद्रात संपलंय,
म्हणून लिहिते: झिंकची गोळी, रोज एक, चमच्यात विरघळवून, चौदा दिवस.
आणि थांबते.
खाली उरलेला कागद एवढा पांढरा दिसेल
असं वाटलं नव्हतं.

शेवंता तो उलटा करून बघते.
"बस्स? सुई न्हाई?"
मी समजावते. रांग खोकते.

दहा मिनिटांत ती परत.
मेडिकलवाल्याने पाठवलंय:
मॅडमना विचार, बाकीचं लिहायचं राहिलं का.
तो वाईट माणूस नाही. वर्षानुवर्षं तो पाच ओळी वाचत आलाय,
जुलाबाची, जंताची, गॅसची, ताकदीची,
आणि ती लाल बाटली.
एक ओळ म्हणजे त्याला कागद फाटलेला वाटतो.

नाखवा सर मान वर न करता म्हणतात,
"लिहून टाक गं एक बाटली.
नाहीतर ती समोरच्या गल्लीत जाईल,
पाचशेचं सलाईन लावून येईल."
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.
खोटंही नव्हतं.

मी नाही लिहिली.
पुडी फोडली, केंद्राच्या जगातलं पाणी मोजलं,
चमच्याने पाजत बसले, मिनिटाला एक.
"इथं डॉक्टर पाणी पाजत्यात," रांगेतून कुणीतरी.
बाराव्या चमच्याला साईराजने चमचाच हिसकावला.
शेवंता हसली नाही. पदर सावरून निघाली,
घराकडे की त्या गल्लीकडे,
खिडकीतून वळण दिसत नाही.

गुरुवारी माझा घसा बसला.
नाक वाहत होतं, ताप नव्हता.
समोर कुणी असतं तर मीच सांगितलं असतं,
कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, पाच दिवस धीर.
पण शुक्रवारी ड्युटी.
ऐरोलीच्या खोलीत, बॅगेच्या तळाशी,
टाय लावलेल्या त्या मुलाने दिलेलं नमुन्याचं पाकीट,
तीन गोळ्या.
चंदेरी कागदाला अंगठा लावला
आणि तो टचकन फुटला.

विसावा मार्क कुठे गेला, मी कधी विचारलं नव्हतं.
उरलेल्या दोन गोळ्या अजून बॅगेत आहेत.
फेकल्या असं लिहिता येईल,
पण तेवढा कागद कोराच राहू दे.