हेराल्डचं इंजिन धुताना

थांब बे, प्रज्वल.
काल रात्री दिग्रसहून आली थे,
आंग अजून कोमट हाये तिचं.
तापल्या तव्यावर पानी टाकलं त तवा चर्र करते,
बिडाचं हेड तडकते. मंग रडजो.

आधी बॅटरीची काळी तार सोड.
आता कार्बोरेटरच्या तोंडाले पिशवी बांध,
डायनामोले, डिस्ट्रिब्युटरले भी.
साडीच्या दुकानातली चालते, भोक नसलेली.
प्लगले हात नोको लावू,
तोंड उघडं पडलं की कचरा सिद्दा पोटात.

पेट्रोल?
इकडं ये. हे पाय माह्या डाव्या हाताची कातडी,
भाजल्या वांग्यावानी.
सत्त्याऐंशी साल, आर्नी रोड,
माह्यापाशी पेट्रोलचा डबा
अन् दहा फुटावर चहावाल्याचा स्टो.
मले वाटलं, दहा फूट म्हंजे लय झाले.
आग चालत नाई आली, पोट्ट्या.
वास जठीलोक गेलता, तठून थे उठली.
तुह्या त नावातच जाळ हाये,
तू दोन पावलं जास्तच दूर राय.

राकेल भेटत नाई आता, डिझेल घे,
ताटलीत, बोटभर.
टिनाच्या भायेर, वाऱ्यावर.
हातमोजे फवारनीचे नोको,
त्यात औषध मुरलं असते, नवे घे.
पेचकस ठेव खाली, बांबूची चिपटी घे,
ओरखडा पडला त जनमभर दिसते.
अन् खाली परात सरकव.
नाल्यात एक थेंब नाई गेला पायजे,
खालच्या अंगाले ढोरं पानी पेतात.

हळू.
हा काळा थर असाच नाई बसला.
हे पाय, सरकीचं बोंडूक. कोन्त्या जिनिंगसमोर
उभी रायली असन?
त्याच्याखाली लाल मुरूम, पुसदच्या घाटाचा.
देवतळे बाईची गाडी हे.
शाळा तपासाले येत, एकट्या, सोताच चालवत.
फटफट आयकू आली की मास्तर फळा पुसत.

चौथीत मले सतराचा पाढा अडला,
सतरा पंचे.
बाईनं छडी नाई घेतली.
भायेर नेलं, अन् बॉनेट पुढं उलटवलं,
चाकासकट सगळं उघडं.
म्हने, मोज, किती प्लग?
चार, म्हटलं.
म्हने, येते की तुले मोजता.
सतरा पंचे मले अजून
बोटावर मोजा लागते.

पूस आता. फडके कोपऱ्यात गोळा नोको करू,
आपल्याआपन धुमसतात थे.
तारेवर पसरव एकेक, वाळले की झाकनाच्या डब्यात.

पाय बरं.
हिरवट रंग होता इंजिनाले.
पन्नास वर्सानं मलेच पयल्यांदा दिसला,
तवा बी असाच काळा होता का कोन जाने,
मी प्लगच मोजत बसलो.

अन् थो?
रॉकर कव्हरच्या काठाले, मांगून.
पुसला त पुन्हा आला.
हा थेंब आजचा नाई, लेका.
मळ होता म्हनून लपला होता,
मळानंच धरून ठेवला होता थोडा.
बाईचा नातू म्हनन, धुवाले देल्ली
अन् यायनं गळती काढली.
म्हनू दे.

अर्ध्या इंचाचा पाना आन.

नाई, थांब.
आधी हात धू.
साबनानं. कोपरापासून.