रविवारची गोळी

आठवड्यातून एकदाच, रविवारी, जेवणानंतर
पिवळ्या, बारीक सहा गोळ्या.
सोमवारभर तोंडाला पितळेची चव.
पाकिटावर छापलंय:
लहान मुलांपासून दूर ठेवा.
मी दर रविवारी वाचते.
आमच्या घरात दुसऱ्या कशावरच
हे छापलेलं नव्हतं.

दांडिया बाजार, दुसरा मजला,
जिन्याला बावीस पायऱ्या.
बाबा अठराव्या पायरीवर दम खायला थांबला
तर आज काही नाही.
न थांबता आला तर मी
कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत.
आई मिक्सर लावायची.
आमच्याकडं शेंगदाण्याचं कूट कधी संपलं नाही.
शेजारच्या कोकिळाबेन विचारायच्या,
रोज रोज शुं वाटो छो?
आई त्यांना वाटीभर द्यायची.

तेराव्या वर्षी मनगटं सुजली.
मग गुडघे.
मग जबडा, म्हणजे तोंड फार उघडायचं नाही,
ते तर मला येतच होतं.

सयाजी हॉस्पिटलच्या फॉर्मवर रकाना होता:
पूर्वी काही अपघात?
मी लिहिलं, नाही.
अपघात दर शनिवारी होत नाही.

डॉक्टर झंखनाबेन चांगल्या आहेत.
चिठ्ठीच्या मागं गोल काढून समजावतात,
हे तुझे शिपाई, हे तुझे सांधे,
शिपायांना आपलं कोण, परकं कोण
ओळखता येत नाहीये.
कशामुळं?
ते कुणालाच नक्की सांगता येत नाही, बेटा.
मी मान हलवते.
मनात म्हणते, त्यांना नावं नका ठेवू.
ते ज्या वयात ओळख शिकत होते
तेव्हा मारणाऱ्याचं नाक हुबेहूब माझ्यासारखं होतं
आणि मिक्सर लावणारीच्या कुशीत मी झोपायचे.
परकं असं कुणी नव्हतंच हो.
एक कोकिळाबेन होत्या,
त्यांना कूट मिळायचं.

शनिवारच्या दुसऱ्या दिवशी
बाबा मला काळ्या घोड्याजवळच्या पुलावर न्यायचा,
विश्वामित्रीतल्या मगरी दाखवायला.
आधी सेव उसळ, माझ्यासाठी तरी कमी.
मग कठड्यावर उभं करून मागून घट्ट धरायचा.
खाली चिखलावर मगर, जबडा उघडा,
पोरांनी खडे मारले तरी ढिम्म.
बघ, म्हणायचा, किती शांत आहे.
मीही तशीच उभी.
त्यानं मला पडू दिलं नाही.
एकदाही नाही.
याला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

आता त्याला ऐकू कमी येतं.
रात्री बाम घेऊन येतो, दारातच थांबतो,
मी हो म्हटल्यावर आत येतो.
एकेक बोट मुळापासून चोळतो,
जणू कुणाचं उसनं आणलंय.
जास्त दुखतंय का, विचारतो.
आणि बरं वाटतं.
हेच कुणाला सांगता येत नाही,
की बरं वाटतं.
सकाळी बोटं पुन्हा
लाकडाची.

आज रविवार. जेवायच्या आधी
मी एकटीच पुलावर आले.
शेजारी एक माणूस, जेमतेम तिशीचा,
पाच-सहा वर्षांच्या पोराला कठड्यावर उभं करतोय.
पप्पा, ए जीवे छे?
माणूस हसला.
पोरगंही हसलं, पण जरा उशिरा,
मागं वळून, त्याचा चेहरा बघून,
हसायचंय ना याची खात्री करून.

मी मगर बघायची सोडून दिली.

माझ्या बाटलीचं झाकण निघेना.
भाई, जरा खोली आपशो?
मी बाटली धरली,
त्यानं एका हातानं फिरवलं.
किती सहज.
दुसरा हात
पोराच्या मानेवर होता.