तार

नान्ना बॅटरी दातांत धरून
मागाखाली शिरायचा, उताणा,
दोन्ही हात वर, ताण्यात.
तार तुटलेली असायची कुठंतरी.
सापडली का, विचारलं की नुसतं हं.
आणि त्या हं-बरोबर
शेडच्या पत्र्यावर उजेड हलायचा.

बॅटरीच्या बुडाला त्याच्या दातांची नक्षी.
पुढचा एक दात तिरका झालेला.
अम्मा म्हणायची, भाकरी खायला ठेव थोडे.

नव्या पेठेत दहा रुपयांना पाच दिवे मिळाले,
तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे.
पहिला मी थेट नऊ व्होल्टला लावला.
एकदाच डोळा उघडला त्यानं.
दुसरा पेटेचना.
लांब पाय अधिक, आखूड पाय उणे,
हे मला दुकानदारानं दुसऱ्या खेपेला सांगितलं,
आणि रोध दिला एक, फुकट.
तांबडा पट्टा, तांबडा पट्टा, काळा.
टॉवेलच्या काठासारखा.

श्रीशैलमामाच्या मेलेल्या मोबाइलची चपटी बॅटरी.
(चार्ज करायची झाली की
परत त्याच्याच पोटात घालायची.)
खोकल्याच्या बाटलीचं झाकण,
आत गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी.
बटण मोडक्या मोटारीचं.
पट्टा विनूच्या शाळेच्या चड्डीतला,
त्यावरून तो दोन दिवस रडला
आणि चड्डी धरून चालला.
कपाळाला टोचू नये म्हणून
टॉवेलची चिंधी, चौथ्या मागावरची, डागी.

डाग द्यायला सोल्डर नव्हतं.
तारा नुसत्या पिळल्या होत्या मी.
नान्नानं डोक्याला बांधलं, मान हलवली,
विझलं.
मला वाटलं, हसेल.
त्यानं चष्मा वर केला,
नखानं तांबं सोललं
आणि दोन्ही टोकांना
सुताला मारतात ती गाठ मारली,
अंगठ्याखाली, न बघता.
पेटलं.

त्या रात्री तो मागाखाली गेला
आणि पहिल्यांदाच त्याचं तोंड मोकळं होतं.
आधी तारेला शिवी दिली, तेलुगूत, लांबलचक.
यल्लप्पा जॉबर हसला.
मग खालून आवाज आला:
आज काय शिकवलं गं शाळेत?
मी म्हटलं, रोध.
म्हंजे?
वीज जास्त आली तर अडवतो. नायतर दिवा जळतो.
खाली थोडा वेळ काहीच नाही,
नुसता फणीवरून सरकणारा उजेड.
मग म्हणाला,
मालकाला पायजे बघ एक.

रात्री अकरापर्यंत बोलत होता.
लाहोटीच्या शेडमधला त्याचा पहिला माग,
कुणाला तरी दिलेले आणि बुडालेले चाळीस रुपये,
अम्माला बघायला गेला तेव्हा
चपला कशा बदलल्या गेल्या.
हे सगळं त्याच्याजवळ होतं,
एवढी वर्षं, दातांच्या मागं.

वर आला तेव्हा माझ्याकडं बघून बोलायला लागला
आणि मी डोळे मिटले.
अरे हां, म्हणाला,
आणि मान खाली घातली.
आता दिवा नसला तरी
तसाच बोलतो, जरा खाली बघून.

पुढं मी खरा डाग द्यायला शिकले.
पट्टा बदलला, बॅटरी बदलली, झाकण दोनदा.
ती गाठ मात्र तशीच आहे.