दुसरी वही

मार्केट यार्डात मी हळदीच्या सौद्यांचा हिशेब लिहिते.
महिनाभरापासून पर्समध्ये दुसरी वही आहे:
मंगळवार. मऊ भात, मुगाचं पाणी. तीनदा.
बुधवार. गाजराची कोशिंबीर, मोह झाला. आठदा. पिळा.

मिरजेच्या डॉक्टरांनी पॅडवर आतडं काढून
तीन ठिकाणी फुल्या मारल्या. क्रोन्स.
शेजारच्या हौसाक्का उंबऱ्यातच थबकल्या,
"परत कोरोना आला व्हय गं?"
मी हसले. हसतानाही
पोट हाताने धरावं लागलं.

जन्मभराचं आहे.
गप्प बसलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

चार वाजता ऑफिसात भडंगाचा पुडा फुटतो.
तळलेला लसूण आधी नाकात, मग डोळ्यांत.
"एका घासानं काय हुतंय?" बाळगोंडादादा म्हणाले.
मी वही उघडून बुधवार दाखवला.
चष्मा कपाळावर सारून ते वाचत राहिले,
काटा मारलेलं वजन वाचावं तसे.

आज माझ्या टेबलावर कागदाची पुडी:
कोरडे चुरमुरे, नुसतं मीठ.
कुणी काही बोललं नाही.
शुक्रवार, मी लिहिलं. चुरमुरे, एक मूठ.
पुढचा रकाना
संध्याकाळपर्यंत कोरा.