कारणं नमूद करण्याची गरज नाही

निकालपत्र एकशे बारा पानांचं होतं.
मीच टाइप केलं, खेडच्या कोर्टात,
पंखा बंद, तीन कार्बन,
साहेब थांबत थांबत सांगायचे, मध्येच पाणी प्यायचे.
पान एकोणचाळीस: वाळू समुद्राची होती, धुतलेली नव्हती.
पान चाळीस: सळ्या आतून गेल्या होत्या,
बाहेरून जेटी नवीकोरी.
पान एकसष्ट: ती बसली तेव्हा भरती होती
आणि चौघं जण मासळीच्या टोपल्या उतरवत होते.
चारही नावांखाली मी रेघ मारली.
साहेब म्हणाले, रेघ कशाला?
मग म्हणाले, राहू दे.

माफीचा कागद साडेपाच ओळींचा.
अनुच्छेद एकशे एकसष्टने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून
श्री. सदानंद रेवाळे यांची उर्वरित शिक्षा
(सात वर्षांतले अकरा महिने भोगून झालेले)
याद्वारे.
याद्वारे हा शब्द मी आयुष्यभर टाइप केला.
त्यातून एवढा मोठा माणूस बाहेर येईल असं वाटलं नव्हतं.

फटाके हर्णैच्या लिलावातच वाजले.
सुरमईचा भाव बाराशेवर अडकून राहिला.
शिराज मुकादम बर्फावर फावडं टेकून म्हणाला,
दया नको का माणसाला? चुकतो माणूस.
पावशांचा पोरगा म्हणाला, मग कोर्टाला टाळं लावा,
राजभवनावरच पाटी टांगा, आज रोख उद्या माफ.
कुणीतरी म्हणालं, तुमचा पक्ष आला की तुमचा मामा सुटेल, गप बस.
सगळे हसले. तोही हसला.
वैशंपायन वकील दोन बांगडे पिशवीत घालून घेत म्हणाले,
अधिकार घटनेनंच दिलाय. बेकायदा काहीही नाही.
खरं आहे. मी कलम वाचलंय.
जेटीचं टेंडरसुद्धा कायदेशीर होतं.

मला दया आवडते, हे सांगून ठेवतो.
निवृत्तीनंतर दापोलीत तहसीलच्या भिंतीला मशीन लावून बसतो,
दयेचे अर्ज मीच लिहितो.
बुरोंड्याच्या एका बाईचा मुलगा कळंब्याला होता,
तिनं सहा वेळा दया म्हटलं,
मी दोनदा खोडलं, कागद संपत होता.
पोच आली.
त्याला चौदा वर्षं झाली.

गुरुवारी हिरूबाय चोगले आली.
पेपरचं कात्रण, त्याला सुकटीचा वास.
वाच.
वाचलं.
परत वाच.
"माज्या दादल्याचा नाव कुठं हाय त्याच्यात?"
नाही म्हटलं, नाव नाही.
"मंग माफ काय केलान?"

एकशे बारा पानांत याचं उत्तर असेल,
मला आठवेना.

वाटलं, ती म्हणेल माफी रद्द करा.
तसा मसुदा माझ्याकडे तयार असतो.
ती म्हणाली, "दिलीन ती दिलीन.
तुमी लिवा, त्या कागदात चार नावा घाला.
कोनाला मारलान ता तरी लिवा, नि मंग माफ करा."

मी कागद चढवला. प्रति, मा. राज्यपाल.
एक, गजानन धाकू चोगले.
दोन, इब्राहिम सोलकर.
तीन, पांडुरंग पावसे.
चार म्हणताना ती थांबली.
"तो नेपाळचा खलाशी. बहादूर म्हनायचो.
खरा नाव कोनी इचारलाच नाय."
निकालपत्रातही तसंच होतं,
बहादूर, पूर्ण नाव माहीत नाही,
आणि त्याखाली मी मारलेली रेघ.
साहेबांनी विचारलं नव्हतं. मीही नाही.

चौथ्या आकड्यापुढे रिकामी जागा सोडली.
पाच रुपयांचं तिकीट तिनं जिभेवर ओलं केलं,
दाबलं, उचलून आलं,
परत दाबलं.
बोटांना मीठ होतं, चिकटेना.
मी डिंक मागायला शेजारच्या स्टॅम्पवाल्याकडे गेलो.